लेगालचा डाव आणि आमचे सर

ऑफ तासाला निम्मा वर्ग खासबागेतल्या कुस्त्यांवर बोलत बसायचा आणि उरलेला प्रयोगशाळेमागच्या खोलीत पटाभोवती. बुद्धिबळ म्हटलं की लोक सांगलीचं नाव घेतात. घेऊ देत, तिथं बुद्धिबळ रुजवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव ते! आमच्या कोल्हापुरात मात्र पटावरसुद्धा तालमीचीच भाषा. कुणी उंट पुढं काढला की मागून आरोळी, "धर, ढाक लाव!"

आठवीत गणिताच्या सरांनी लेगालची मात दाखवली. लेगाल हा अठराव्या शतकातला पॅरिसचा खेळाडू, त्या काळच्या नामांकित फिलिडोरचा गुरू. पटाच्या उभ्या ओळी ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८, त्यावरून घराचं नाव. दोन्ही राजांपुढची प्यादी दोन-दोन घरं. पांढरा घोडा एफ३, काळं प्यादं डी६. पांढरा उंट सी४, काळा उंट जी४. आता एफ३ चा घोडा जखडला. तो हलला की मागचा वजीर गेला. पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर येतो, काळा निवांत जी६ ला प्यादं ढकलतो, आणि तो जखडलेला घोडाच उठून ई५ चं प्यादं मारतो! हावऱ्या उंटानं वजीर घेतला की एफ७ वर उंटाचा शह, राजा ई७, घोडा डी५. मात.

पुढं आठवडाभर शाळेत दुसरं कुणी काही खेळेना. मग सरांनी पट मांडला, जी६ ला प्यादं ढकलण्याऐवजी काळा घोडा सी६ वर आणला आणि म्हणाले, "मार की आता ई५!" एकानं मारलं. सरांनी वजिराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सी६ च्या घोड्यानं ई५ चा घोडा उचलला. जी४ च्या उंटालाही त्याच घोड्याचा जोर. "प्याद्याला घोडा दिलास. बस खाली."

उतारा त्यांनीच सांगितला. आधी एच३ ला प्यादं सरकवून उंटाला हुसकायचं. उंट एच५ ला सरला, की मगच ई५ चं प्यादं मारायचं. काळ्या घोड्यानं मारलं, तर एच५ चा उंट आता बिनजोरी, तो वजिरानं घ्यायचा. घोड्यानं सी४ चा उंट खाल्ला, तर वजिरानं बी५ वरून शह देऊन तो घोडाही वसूल. एवढी मारामारी होऊन हाती उरतं एक जादा प्यादं. मला ते प्यादं त्या मातेपेक्षा जास्त आवडायचं, अजूनही आवडतं.

आंतरशालेय स्पर्धेत आमच्यातल्या एकाच्या पटावर नेमकी हीच स्थिती आली. त्यानं एच३ केलं. समोरच्या पोरानं उंट मागं न नेता सरळ एफ३ चा घोडा मारला. डाव बरोबरीत सुटला. बाहेर आल्यावर सरांनी पहिलं काय विचारावं?

"ते पोरगं कुठल्या शाळेचं रे?"