तीन सह्या आणि एक बंब

"सुरुवातीला 'सर्व पात्रे काल्पनिक' अशी पाटी टाकू की," मी म्हटलं.

वकीलबाईंनी चष्मा काढून पटकथेवर ठेवला. "तुमच्या पटकथेतला मोठा भाऊ निवृत्त मुद्रितशोधक आहे, डोंबिवलीला राहतो आणि जिलबीबरोबर लिंबाचं लोणचं खातो. तुमचे काका?"

"निवृत्त मुद्रितशोधक. डोंबिवली."

"लोणचं?"

मी गप्प.

ही पाटी आली कुठून, तेही त्यांनीच सांगितलं. १९३२ साली हॉलिवूडमध्ये झारच्या दरबारातल्या रास्पुतीन या साधूवर एक चित्रपट निघाला. त्यातली राजकन्या म्हणजे आपणच, असं म्हणत रशियाच्या इरिना युसुपोव्हनं लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि १९३४ साली २५,००० पौंड मिळवले. तेव्हापासून सिनेमावाले 'साधर्म्य आढळल्यास निव्वळ योगायोग' लिहू लागले. पण गाव, धंदा आणि लोणचं तिन्ही जुळल्यावर योगायोग म्हणायला तोंड हवं ना. पटकथा मी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रीतसर नोंदवली होती. ती नोंदणी म्हणे कुणी चोरी केली तर कामाची, घरच्यांनीच नोटीस पाठवली तर नाही. थोडक्यात, बाबा, नानाकाका आणि आत्या या तिघांच्या सह्यांचं ना-हरकत पत्र आणल्याशिवाय निर्माता पुढचा हप्ता देणार नव्हता.

अडचण एवढीच की ही तीन भावंडं पंधरा वर्षांत एकमेकांशी बोललेली नाहीत. माझा सिनेमा त्याचाच आहे. वडील जातात आणि तोंड न बघणारी तीन भावंडं तेरा दिवस गिरगावातल्या एका खोलीत अडकतात, संडास गॅलरीच्या टोकाला. विनोदी आहे. निदान लिहिताना होता.

भांडणाचं मूळ गिरगावच्या खोलीच्या भाडेपावतीत. आजोबा गेले तेव्हा त्यांच्यासोबत बाबाच राहत होते, म्हणून १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पावती बाबांच्या नावे झाली. तोवर त्या १६० चौरस फुटांवर कुणाचा डोळा नव्हता. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी, आणि विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली तिचा पुनर्विकास झाला तर किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, हे कळल्यावर सगळ्यांना लहानपण आठवायला लागलं. इमारत अजून टेकूवर उभी आहे. भावंडं मात्र तेव्हाच पांगली.

पण उघडपणे पावतीवर कोण भांडतं? आमच्याकडे भांडण झालं ते आजीच्या बंबावरून. पाणी तापवायचा, तांब्याचा, खांद्यावर आजीचं नाव कोरलेला, पुढे पितळी तोटी. आजीनंतर तो खोलीतून नाहीसा झाला. बाबांनी तांबाकाट्यावरच्या भांडीबाजारात मोडीत घातला, असं नानाकाकांनी चारचौघांत म्हटलं आणि त्या दिवसापासून बोलणं बंद. बाबांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मी आपलं पान ६१ वर धाकट्या भावाला बंब विकायला लावला. प्रसंग छानच जमला होता.

ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्पपेपर गेला, आता पाचशेचा. तीन घेतले. बाबांनी पटकथा न उघडताच सही केली. "वाचा तरी," म्हटलं, तर म्हणाले, "मी बघीन थेटरात."

रविवारी चर्नी रोड, दादर, डोंबिवली. नानाकाका टेबलाशी लाल पेन घेऊन बसलेच होते. चौऱ्याण्णव पानं वाचायला त्यांनी दुपार घेतली. मी काकूंच्या हातचे तीन चहा प्यायले. बदनामीबद्दल एक अक्षर नाही. हरकत वेगळीच. "पहिल्या पस्तीस पानांत मोठा भाऊ चार वाक्यं बोलतो. चार! आणि 'तुझ्यामुळं'? माझ्या तोंडी 'मुळं'? मी 'मुळे' म्हणतो." मग विचारलं, काम कोण करणार. काकू आतून म्हणाल्या, "लोणच्याचं खरंय हो, तेवढं ठेव." सही केली, पण करता करता सवयीनं स्टॅम्पपेपरवरच्या 'पटकथेतिल'ची वेलांटी लाल पेनानं दीर्घ केली. वकीलबाईंना कागदावर खाडाखोड नको होती. माझे ५०० रुपये गेले आणि डोंबिवलीची आणखी एक खेप झाली.

मध्येच कावळ्याचं निघालं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही आणि तिघं उन्हात उभी राहून आळीपाळीनं वडिलांना वचनं देत सुटतात, हा प्रसंग बाणगंगेवर करायचा होता. पण पडद्यावर पशुपक्षी आणायचे तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी, नंतर सेन्सॉरच्या कागदांना जोडायला त्यांचं प्रमाणपत्र. दिग्दर्शकानं हात जोडले. आमचा कावळा आता फक्त आवाजात आहे.

आत्याकडे शेवटी गेले, दहिसरला. ती मोबाइलवर बोट फिरवत वाचत होती, मधूनच हसत होती. सुतकात चोरून बटाटेवडे खाणारी बहीण तिला पसंत पडली. पान ६१ ला थांबली.

"हे चूक आहे."

"आत्या, सिनेमा आहे गं."

"ये इकडे."

बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, बंब. तोटीच्या जागी लाकडी बूच. वर मोगऱ्याची कुंडी. काळवंडलेल्या तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव अजून वाचता येत होतं, शेवटचं अक्षर तेवढं पोचा आल्यामुळे दबलं होतं.

"आईनं मला म्हटलं होतं, तुला घे. एका दुपारी टॅक्सीत घालून आणला. तुझ्या बाबानंच जिन्यावरून खाली उतरवून दिला. मग नाना तो तमाशा करून बसला, आणि तेव्हा सांगायचं राहिलं. नंतर काय सांगणार?"

बाबांनी उतरवून दिला होता. मला पंधरा वर्षांचे त्यांचे सगळे गणपती आठवले, आरतीला आम्ही तिघंच.

आत्याला म्हटलं, राहू दे, पान आहे तसं ठेवते. तिनं छापील प्रत मागितली, पेन मागितलं आणि धाकट्या भावाच्या वाक्यावर काट मारून समासात लिहिलं, 'बंब बहीणीने नेला.' खाली सही.

वकीलबाईंनी पान पाहिलं. "मजकूर बदललाय. या पानावर बाकी दोघांच्याही सह्या लागतील." बाबांनी त्या पानावरही न वाचता सही केली. खरंच वाचलं नाही का, ते मी विचारलं नाही.

पुन्हा डोंबिवली. नानाकाकांनी पान डोळ्यांजवळ नेलं. बराच वेळ खालच्या मैदानातल्या पोरांचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"अक्षर तिचं आहे."

"हो."

लाल पेनाचं टोपण निघालं. मी मनात पाचशे रुपये मोजले. त्यांनी 'बहीणीने'तली 'ही' खोडली, वर 'हि' काढली. "सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. चौथीपासून सांगतोय तिला." मग सही.

"तोटी आहे का गं त्याला?"

"गळायची म्हणून काढली म्हणाली."

"वायसर बदलायचा होता नुसता," नानाकाका म्हणाले आणि टोपण लावलं.