तुम्ही विचारलंत म्हणून: त्या अंजनाचं वय मी का सांगितलं नाही

रस्त्याकडेचं अंजनाचं झाड तोडायचं की नाही, त्या सुनावणीत त्याचं वय का सांगितलं नाहीत? हा प्रश्न मला बाजारात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा विचारला जातो. विचारणाऱ्यांना तो रस्ता माहीत आहे, ते झाड माहीत होतं, निकालही माहीत आहे. लाकडाची अंतर्रचना शिकवण्यात सगळी नोकरी घालवलेली बाई ऐन वेळी गप्प का बसली, एवढंच त्यांना कळत नाही. मी गप्प बसले नव्हते. मी बोलले ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

सगळं अडलं होतं पन्नाशीवर. शहरी भागातल्या झाडांसाठीच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडावंच लागलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. या दुरुस्तीच्या बाजूने मी कायम बोलत आले आहे. पण तिने सगळा भार वयावर टाकला, आणि वय काढायला सुनावणी घेणाऱ्या समितीच्या हाताशी होतं काय, तर टेप आणि कोष्टक. जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजायचा आणि समोरच्या रकान्यातलं वय वाचायचं.

त्या कोष्टकात रस्त्याकडेचा गुलमोहर पन्नाशी पार करून गेला. शेजारचा अंजन तिशीत अडकला. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. लाकूड मऊ, वाढ भराभर, घेर लवकर येतो. अंजनाचं तसं नाही. त्याच्या गाभ्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं, इतकं जड. एवढं भरीव लाकूड घडवायला झाडाला बरीच वर्षं खर्ची घालावी लागतात आणि घेर मात्र थोडाच वाढतो.

हे असं का, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. खोडातून पाणी चढतं ते बारीक वाहिन्यांतून. वाहिनीचा व्यास दुप्पट केला तर तिच्यातून जाऊ शकणारं पाणी सोळा पट होतं, त्यामुळे रुंद वाहिन्या फायद्याच्या वाटतात. पण आपल्याकडे चार महिने पाऊस आणि पुढे आठ महिने कोरडे. जमिनीतलं पाणी आटत गेलं की खोडातल्या पाण्यावर ताण येतो, वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बाद होते. कोरड्या मुलखात तगणाऱ्या झाडांनी याच्यावर वेगवेगळे तोडगे काढलेत. सलई हलक्या लाकडाची, ती पानं गाळते आणि ऐन उन्हाळा उघड्या फांद्यांनी काढते. अंजनाची पानं हिवाळा सरताना गळतात, पण थोड्याच दिवसांसाठी. जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा अंजनावर नवी पालवी असते. त्याची किंमत तो आत, जाड भिंतींच्या दाट लाकडात मोजतो.

"मग वलयं मोजा ना मॅडम!" सुनावणीत अध्यक्ष हेच म्हणाले, आणि आपुलकीने म्हणाले. त्यांना वाटलं, मी झाड वाचवायला आले आहे आणि ते मला वाट करून देत आहेत. सागाचं झाड असतं तर मी मोजली असती. सागात पावसाळ्याच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची रांग धरते, ती नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि एक रांग म्हणजे एक वर्ष. बाभळीत बारीक रेघा असतात, पण मध्ये पावसाने ओढ दिली आणि तो पुन्हा आला तर एका वर्षात दोन रेघाही पडतात. अंजनात वाहिन्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतात. वर्ष कुठे संपलं ते धड दिसत नाही. शिवाय उभ्या झाडातून नमुना काढायचा तर पोकळ गिरमिट आत घालावं लागतं. त्या लाकडात ते घालायला मी तरी धजावले नसते.

मी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. कोष्टक या झाडाला लागू होत नाही, झाड त्या वयापेक्षा बरंच जुनं असण्याची दाट शक्यता आहे, पण वलयांवरून आकडा देता येणार नाही, असं म्हणाले. मागच्या खुर्चीवरून एक आबा उठले. "हाई झाड मना आजाना वखतले बी इतलंच व्हतं," म्हणाले. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या खोलीत झाडाच्या वयाबद्दल जे जे बोललं गेलं त्यात खरा पुरावा तेवढाच होता. अध्यक्षांनी मला पुन्हा विचारलं, "अंदाजे? साठ? सत्तर?" कारकून पेन धरून बसला होता. मी म्हटलं, अंदाज लिहू नका. त्याने कोष्टकातला आकडा लिहिला. आबांचं बोलणं इतिवृत्तात आलंच नाही.

झाड तोडलं त्या दिवशी मी गेले होते. मजुरांना दोनदा करवतीला धार लावावी लागली. बुंध्याची एक चकती मी मागून घेतली, सुताराकडून रंधून घेतली, पॉलिश पेपरने घासत घासत आरशासारखी केली. काळपट लाल गाभा, बाहेर फिकट लाकडाची अरुंद कड, वाहिन्यांभोवती फिकट ठिपके. काही ठिकाणी पुसट कमानी होत्या, पण एकही पूर्ण फेरी मारून येत नव्हती. वेगवेगळ्या बाजूंनी मोजलं तर दर वेळी वेगळी बेरीज. खरं सांगते, भिंग डोळ्याला लावताना पन्नासच्या वर वलयं स्पष्ट दिसतील का, याची मला भीती वाटत होती. ती दिसली नाहीत, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याचा मला आजही त्रास होतो.

विद्यार्थिदशेतली मी त्या खोलीत असते तर तिने बेधडक "सत्तर" म्हटलं असतं. तिची माझ्याशी अधूनमधून भांडणं होतात. ती म्हणते, कोष्टकातला आकडाही खोटाच होता, मग तुझा खोटा आकडा का नको? मी तिला सांगते, पुढच्या सुनावणीत समोरचा माणूस अंजनाची अशीच चकती टेबलावर ठेवून म्हणाला असता, दाखवा सत्तर वर्तुळं. मग लाकडाच्या अभ्यासावर कुणी विश्वास ठेवला असता? ती म्हणते, पुढच्या सुनावणीला झाड कुठे होतं? इथे माझ्याकडे उत्तर नसतं.

तरीही मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. कोष्टक एकच असेल तर अंजन, धावडा, खैर यांच्यासारखी जड लाकडाची झाडं कागदावर कायम कोवळी ठरणार, आणि भरपाईला त्यांच्या खऱ्या वयापेक्षा कितीतरी कमी रोपं लागणार. प्रत्येक जातीचं वेगळं कोष्टक हवं. त्यासाठी उभ्या झाडांना आज पट्टा बांधून वाढ नोंदवायला सुरुवात करावी लागेल, आणि ते काम एका माणसाच्या हयातीत पुरं होणारं नाही. रेडिओकार्बनने वय काढता येतं, पण ते आमच्या पालिकेच्या आवाक्यातलं नाही.

त्यामुळे आता मला कुणी विचारलं की मी उलट विचारते: तुमच्याकडे काय आहे? घरात त्या झाडाखालचा जुना लग्नाचा फोटो आहे का? पणजोबांच्या खरेदीखतात चतुःसीमेला "पूर्वेस अंजनाचे झाड" असं लिहिलंय का? असेल तर त्याची झेरॉक्स काढा आणि हरकतीच्या अर्जाला जोडा, मुदत संपायच्या आत. आबांसारखं कुणी असेल तर त्यांचं म्हणणं लिहून घ्या, खाली त्यांची सही किंवा अंगठा घ्या. लाकडाबद्दलचं माझं टिपण मी सोबत देईन. त्यात आकडा नसेल.