रुग्णालयातील आत्मे आणि प्रेक्षकांची नाराजी

रुग्णालयाची पार्श्वभूमी असलेल्या मालिकेत मृतात्मे दिसू लागले की प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग नाराज होतो. ‘सेव्हिंग होप’ या कॅनडाच्या मालिकेबद्दल तर ही नाराजी मी वारंवार ऐकली आहे. शस्त्रक्रियांचे प्रसंग चांगले जमले आहेत, डॉक्टरांमधले ताणतणाव पटतात, मग त्यात हे आत्मे कशाला घुसडले, असा प्रश्न हे प्रेक्षक विचारतात. माझे मत याच्या उलट आहे. आत्म्याची कल्पना हेच या मालिकेचे खरे भांडवल होते. पुढे लेखकांनी ते नको तिथे खर्च केले, आणि प्रेक्षकांना खटकते ते बहुधा हेच.

सीटीव्ही वाहिनीवर २०१२ ते २०१७ या काळात मालिकेचे पाच सीझन आणि ८५ भाग झाले. टोरांटोमधील होप झायन या काल्पनिक रुग्णालयाचा शल्यविभागप्रमुख चार्ली हॅरिस आणि तिथलीच डॉक्टर अ‍ॅलेक्स रीड स्वतःच्या लग्नाला निघालेले असताना त्यांच्या टॅक्सीला अपघात होतो आणि चार्ली कोमात जातो. त्याचे शरीर खाटेवर पडून असते आणि तो स्वतः लग्नाचा टक्सीडो घालून रुग्णालयात फिरू लागतो. ज्या विभागात त्याचा शब्द अखेरचा मानला जात असे, तिथे आता त्याचा शब्द कोणाच्या कानावरच पडत नाही. एखादा सहकारी चुकतो आहे असे वाटले, तरी तो त्याला थांबवू शकत नाही. अ‍ॅलेक्स खाटेशी बसून त्याच्याशी बोलते, तेव्हा तो तिच्या शेजारीच असतो, पण त्याला तिला उत्तर देता येत नाही. पहिल्या सीझनमधला चार्ली कोणाला घाबरवत नाही आणि कोणाला वाचवतही नाही, तो फक्त साक्षी असतो.

ज्यांचे माणूस अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेले असते, त्यांच्या मनात रात्रंदिवस एकच प्रश्न घोळत असतो: आपण बोलतो ते त्याला ऐकू येत असेल का? हा प्रश्न भाबडा म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एका तरुणीविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अपघातानंतर बाह्यतः कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या त्या रुग्णेला, आपण टेनिस खेळतो आहोत किंवा स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिरतो आहोत अशी कल्पना करायला सांगितले गेले, आणि त्या वेळी तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखीच हालचाल स्कॅनमध्ये दिसली. तिची अवस्था कोमापेक्षा वेगळी होती, आणि या निरीक्षणाने चार्लीसारखे फिरणारे आत्मे काही खरे ठरत नाहीत. तरीही नातेवाइकांच्या त्या प्रश्नाला पडद्यावर एक शरीर आणि एक चेहरा मिळाला, हे या मालिकेचे श्रेय मी मनापासून मानतो.

‘हे वास्तवाला धरून नाही’ हा आक्षेप मला चुकीच्या जागी घेतलेला वाटतो, कारण आत्मा पाहून कोणताही प्रेक्षक फसत नाही. फसवतात ते खरे भासणारे प्रसंग. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकी दूरचित्रवाणीच्या तीन कार्यक्रमांमधील हृदय बंद पडण्याचे ६० प्रसंग तपासले होते; त्यांतले ७५ टक्के रुग्ण सीपीआरनंतर (छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नानंतर) तत्काळ वाचलेले दाखवले होते, आणि प्रत्यक्षातले प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. कोमाची कथा याहून वाईट आहे. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलेल्या अभ्यासानुसार दैनंदिन मालिकांमध्ये कोमात गेलेल्या पात्रांपैकी ८९ टक्के पात्रे पूर्ण बरी झाली होती. प्रत्यक्षात मेंदूला जबर इजा झालेला माणूस झोपेतून उठावा तसा उठत नाही. आधी डोळे उघडतात, पण नजर कशावर ठरत नाही. पुढे कधी तरी तो सांगितल्यावर बोट हलवतो. नंतर गोंधळ, चिडचिड, झडलेले स्नायू, पुन्हा गिळायला आणि चालायला शिकणे असा दीर्घ काळ जातो, आणि अनेकांचा प्रवास मध्येच थांबतो. चार्ली मात्र शुद्धीवर येतो आणि फार काळ न लोटता पुन्हा शस्त्रक्रिया करू लागतो. मालिकेतले सर्वांत मोठे असत्य माझ्या मते हे आहे, आणि आत्म्यांवर रागावणाऱ्या प्रेक्षकांपैकी फार थोडे त्याविषयी बोलतात.

दुसऱ्या सीझनपासून मात्र नाराज प्रेक्षकांच्या बाजूने बोलावे लागते. कोमातून परतलेल्या चार्लीला आता इतर रुग्णांचे आत्मे दिसू लागतात आणि ते त्याच्याशी बोलतात, कधी जिवंत माणसांना ठाऊक नसलेली माहितीही पुरवतात. निदान म्हणजे एकेक शक्यता तपासून बाद करत जाणे, आणि वैद्यकीय नाट्याची सगळी उत्कंठा त्या तपासण्यात असते. रुग्णाचा आत्माच वाट दाखवू लागला, की डॉक्टरच्या कौशल्याला काम उरत नाही आणि प्रेक्षकालाही विचार करण्याचे कारण राहत नाही. चार्लीवर या दृष्टीचे ओझे पडते, जवळच्या माणसांपासून ते लपवताना त्याची ओढाताण होते, असे भाग चांगले झाले आहेत; पण ते सलग येत नाहीत.

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या रुग्णालयावरच्या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या सीझनने दुसरी वाट धरली. तिथे इझी या डॉक्टरला तिचा मृत प्रियकर डेनी दिसू लागला, तेव्हा प्रेक्षक संतापले होते. पुढे तिचा कर्करोग मेंदूपर्यंत पोचल्याचे उघड झाले आणि भास हे लक्षण ठरले. वैद्यकीयदृष्ट्या हे उत्तर निर्दोष आहे, पण ते कळल्यावर डेनीच्या आधीच्या प्रसंगांना कोडे सोडवण्यापलीकडे अर्थ उरला नाही. मला त्यापेक्षा १९९४ ची ‘द किंगडम’ ही डॅनिश मालिका अधिक प्रामाणिक वाटते. कोपनहेगनच्या भव्य रुग्णालयात लिफ्टच्या पोकळीतून एका लहान मुलीचा आवाज येतो आणि तिच्यावर पूर्वी झालेल्या अन्यायाचा शोध सुरू होतो. इथे आत्मा डॉक्टरांना मदत करत नाही, त्यांच्या संस्थेकडे जाब मागतो.

माझ्या या मांडणीला २०२२ ची ‘घोस्ट डॉक्टर’ ही कोरियन मालिका पुरता छेद देते, हेही सांगितले पाहिजे. तिच्यातला निष्णात आणि गर्विष्ठ हृदयशल्यविशारद कोमात जातो आणि पुस्तकी ज्ञान भरपूर पण हात न चालणाऱ्या एका तरुण डॉक्टरच्या शरीरात शिरून शस्त्रक्रिया करतो. आत्मा इथे उघड मदत करतो, तरीही नाट्य सैल पडत नाही, कारण प्रत्येक वेळी त्या मदतीची किंमत दोघांनाही मोजावी लागते: एकाला स्वतःचे हात दुसऱ्याच्या नावावर चालताना पाहावे लागतात आणि दुसऱ्याला न कमावलेली वाहवा पचवावी लागते. चार्लीच्या वाट्याला लेखकांनी अशी किंमत सातत्याने ठेवली असती, तर आत्मे कशाला घुसडले, हा प्रश्न पुढच्या चार सीझनमध्ये फारसा कोणी विचारला नसता.