फुलायच्या आधीची ओळख

२६ जून, मुरबाड तालुका

पाऊस जरा उघडला म्हणून सकाळी पाड्यावरच्या मावशींबरोबर माळावर गेले. सगळीकडे बोट-दोन बोटं उंचीचे कोंब. मी भिंग घेऊन एकेका रोपापाशी बसत होते. मावशी चालता चालताच टाकळा ही रानभाजी खुडून ओटीत टाकत होत्या.

टाकळ्याशेजारीच कसुंदा उगवलेला. दोन्ही 'सेना' (Senna) या एकाच वनस्पती-वंशातले, कोवळेपणी नवख्याला सारखेच वाटतील. टाकळ्याला पर्णिकांच्या (एका पानातल्या छोट्या पानांच्या) तीनच जोड्या, टोकाला गोलसर. खालच्या जोडीच्या मधोमध देठावर खुंटीसारखी इवलीशी ग्रंथी भिंगातून छान दिसते. कसुंद्याच्या पर्णिका टोकदार, जोड्या जास्त, आणि ग्रंथी पार देठाच्या बुडाशी. मावशींनी कसुंद्याचं पान नुसतं चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. तो उग्र वास एकदा घेतला की विसरणं नाही.

"फुलं आल्यावर ओळखायला सोपं जाईल ना?" मी विचारलं.

"फुलावर आला की पाला जून होतो, बाय. मग कोण खाणार?"

दिवसभर हेच डोक्यात आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने टाकळ्याला १७५३ साली 'कॅसिया टोरा' असं नाव दिलं (आता 'सेना टोरा' म्हणतात), तेव्हापासून वनस्पतिशास्त्राची सगळी भिस्त फुलावर. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ दरम्यान आला. त्यात स्थानिक नावंही आहेत, म्हणून मला तो फार जवळचा. पण त्यातही ओळख पटवायची ती पाकळ्या, पुंकेसर, शेंगा बघून. कोवळ्या रोपाची पारख या बायकांकडे आहे आणि ती कुठेच नीट लिहिलेली नाही. हे ज्ञान माझ्या लेखी हर्बेरियमच्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या) नमुन्याइतकंच मोलाचं आहे.

शेवळ या रानभाजीचं मात्र उलटं. तिथे पानाआधी जमिनीतून फुलोराच वर येतो आणि भाजी त्याचीच. घशाला खाजू नये म्हणून सोबत काकडं (काकड झाडाची फळं) हवीतच. आज वाटेत काकडाचं झाडही पाहून ठेवलं.

आजपासून वहीत प्रत्येक जातीला वेगळं पान: कोंबाचा फोटो, चुरगाळल्यावरचा वास, पाड्यावरचं नाव, कोणत्या गावात ऐकलं ते. टाकळ्याच्या जागेवर दगड रचून आलेय, भाद्रपदात पिवळी फुलं धरली की नमुना घ्यायचा. फोडशीची रानभाजी गवतातून कशी वेगळी काढायची, ते मावशी परवा दाखवणार आहेत.