बियाणं जपणाऱ्या संस्थेची चौकशी : माझा अनुभव

आमचा काही मित्रमैत्रिणींचा गट आहे. वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि शेवटी सगळी रक्कम एकाच संस्थेला द्यायची, असं आमचं चालतं. नियम एकच : जो संस्था सुचवेल त्यानेच तिची चौकशी करायची. या खेपेला लहान शेतकऱ्यांबरोबर पारंपरिक वाणांवर काम करणारी एक संस्था मी सुचवली आणि चौकशी माझ्याच गळ्यात पडली. संस्था मोठी नाही. दोन-तीन देशांतल्या स्थानिक गटांना पैसे आणि तांत्रिक मदत पुरवते, आणि ते गट गावपातळीवर बियाणे बँका, म्हणजे बियाणं साठवून शेतकऱ्यांना उसनं देणारी केंद्रं, चालवतात. नाव लिहीत नाही, कारण हीच चौकशी अशा कुठल्याही संस्थेची करता येईल.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असतं, पण लवकर उरकतं. नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, विश्वस्तांची यादी. स्थानिक गटांपर्यंत प्रत्यक्षात किती पैसा पोचतो, हाताशी किती महिन्यांच्या खर्चाची शिल्लक आहे, आणि विश्वस्तांपैकी कुणाचा बियाणं विकण्याच्या धंद्याशी संबंध आहे का, एवढंच मी नीट पाहिलं. प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवर अडून बसले नाही. गटात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनी देणगीदारांना उद्देशून एक जाहीर पत्र काढलं होतं. संस्थांची माहिती किंवा पारख पुरवणं हाच तेव्हा या तिघींचा उद्योग होता, आणि त्यांनीच सांगितलं की निव्वळ या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. बियाण्यांच्या कामात तर हे जास्तच खरं आहे. गावोगाव जाऊन नोंदवह्या तपासणारा, उगवण मोजायला शिकवणारा माणूस हिशेबात ‘प्रशासन’ या खात्यात जातो. त्याला काढून टाकलं तर टक्केवारी छान दिसेल आणि बँकेत बरण्या तेवढ्या उरतील.

माहितीपत्रकातल्या आकड्यांनी मात्र मला थांबवलं. ‘गेल्या शतकात जगातली ७५ टक्के पीकविविधता नष्ट झाली’ आणि ‘जगाचं ७० टक्के अन्न लहान शेतकरी पिकवतात’ ही दोन वाक्यं या क्षेत्रातल्या जवळपास प्रत्येक संस्थेच्या कागदावर असतात. पहिला आकडा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या १९९०च्या दशकातल्या लिखाणातून पसरला. तो पद्धतशीर मोजणीतून आलेला नाही. विविधता घटली आहे हे खरंच, पण पीक कोणतं, प्रदेश कोणता आणि मोजलं कसं यानुसार चित्र खूप बदलतं. दुसऱ्याचं म्हणाल तर याच संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दोन हेक्टरपेक्षा लहान शेतं जगातल्या सुमारे १२ टक्के शेतजमिनीवर सुमारे ३५ टक्के अन्न पिकवतात. खरं तर हाच आकडा जास्त बोलका आहे, मग फुगवायचा कशाला?

मी संस्थेला तसं लिहिलं. तिथल्या कार्यक्रम समन्वयक बाईंचं उत्तर आलं : “बरोबर आहे तुमचं. आमच्यातही यावरून वाद झालाय. पुढच्या छपाईत बदलतो.” आढेवेढे नाहीत, उपदेश नाही. या उत्तराने माझ्या मनात त्यांचं वजन वाढलं.

गटातली एक मैत्रीण जात्याच शंकेखोर आहे. (अशी एक व्यक्ती प्रत्येक गटात हवी, फक्त दोन नकोत.) तिचा पहिला प्रश्न : “अगं, स्वालबार्डला एवढी मोठी तिजोरी बांधून ठेवलीय ना बियाण्यांची? मग गावागावांत बरण्या कशाला?” प्रश्न रास्त होता. उत्तर नॉर्वेच्या ध्रुवीय बेटावरच्या त्या तिजोरीच्या नियमातच आहे. २००८ साली ती सुरू झाली. तिथे उणे १८ अंशांना राखीव नमुने असतात आणि ज्या बीजकोशाने (बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या केंद्राने) ते ठेवले त्यालाच परत काढता येतात. २०१५ मध्ये पहिल्यांदा नमुने बाहेर निघाले, ते इकार्डा या संशोधन संस्थेसाठी. सिरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळचा आपला बीजकोश तिला वापरता येईना. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बियाणं पेरून वाढवलं आणि २०१७ मध्ये नवे नमुने परत ठेवले. म्हणजे तिजोरी कामाची आहेच, पण शेतकऱ्याला पेरणीच्या तोंडावर तिथून मूठभर दाणे मिळत नाहीत. शिवाय गोठवलेलं बियाणं जसं ठेवलं तसंच राहतं. शेतातलं दरवर्षी नव्या पावसाला, नव्या किडीला तोंड देत बदलत जातं.

विविधता हवीच कशाला, हे तिला पटवावं लागलं नाही. १९७० मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक संकरित मक्यात एकाच प्रकारचा पेशीद्रव्याचा (पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या भागाचा) वारसा होता. त्यावरच वाढणारा करपा आला आणि देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. याच सुमारास आशियात भातावर खुजेपणा आणणारा एक विषाणू पसरत होता. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात प्रतिकार सापडला. तो नमुना कुणी उचलून ठेवलाच नसता तर काय, एवढाच प्रश्न उरतो.

आता मुख्य भाग. वार्षिक अहवालात ‘शेकडो वाणांचं जतन’ असं ठळक छापलं होतं. या वाक्याचा अर्थ काय, हेच मला शोधायचं होतं. बरणीवर नावाची चिठ्ठी आहे म्हणजे वाण जपला असं होत नाही. बियाणं जिवंत आहे का, पेरण्याइतकं आहे का, आणि कुणी नेतं का? मी बँकांच्या नोंदवह्यांच्या पानांचे फोटो मागितले. पानं मी निवडणार, त्यांनी नाही. त्यांनी कुरकुर न करता पाठवले.

दोन बँकांची पानं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. पहिलीत सगळं सुबक, आणि उगवणीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ९५, ९५, ९५, एकाच शाईत. दुसरीत खाडाखोड. ८८, ७२, मध्येच ४१, त्याखाली दोन रेघा आणि बाजूला ‘याच हंगामात पेरून वाढवायचं’. एका कुटुंबाने उसनं नेलेलं बियाणं परत केलं नव्हतं. त्यापुढे लिहिलं होतं : ‘पाऊस ओढला, पीक गेलं, माफ.’ माझा विश्वास दुसरीवर बसला. पहिलीबद्दल विचारल्यावर समन्वयक बाईंनी चौकशी करून कळवलं, की बियाणं आलं तेव्हाच्या अंदाजाचे आकडे तसेच पुढे उतरवले जात होते.

उगवण मोजणं अवघड नाही. शंभर दाणे ओल्या कागदात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून उबदार जागी ठेवायची, ओल टिकवायची आणि पिकानुसार ठरलेल्या दिवशी निरोगी कोंब मोजायचे. पण प्रत्येक वाणाचं हे करत राहायला माणूस लागतो. मोठे बीजकोश साधारणपणे सुरुवातीला ८५ टक्के उगवणीची अपेक्षा धरतात. गावच्या बँकेला शीतगृह परवडत नाही, म्हणून तिथे सगळा भर वाळवण्यावर. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, असा जुना ठोकताळा आहे. एका खोक्यात ओलावा शोषणारे मणी आणि हवाबंद डबे दिले तर फार मोठा फरक पडतो, आणि त्यावरचा खर्च संस्थेच्या हिशेबात मला दिसला.

परपरागीभवनाचा, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने दाणा धरण्याचा, प्रश्न याहून नाजूक. घेवड्याचं बियाणं थोड्या झाडांवरून घेतलं तरी चालून जातं. मक्याचं तसं नाही. पाच-सात कणसांवरूनच दरवर्षी बियाणं धरलं तर वाण काही पिढ्यांत कमजोर होतो, आणि शेजारच्या शेतात संकरित मका असेल तर भेसळ ठरलेलीच. “मका किती झाडांवरून घेता?” असं विचारल्यावर उत्तर आलं : शंभराच्या आसपास, आणि शेजाऱ्याची पेरणी पुढे-मागे करून फुलोऱ्याच्या वेळा वेगळ्या ठेवतो. जिथे जमत नाही तिथे मका बँकेत घेतच नाही. ‘घेत नाही’ हे ऐकून बरं वाटलं. कसावा (साबुदाण्याचा कंद) आणि रताळ्याबद्दलही सरळ सांगितलं, की ते बरणीत राहत नाहीत, शेतातच ठेवावे लागतात आणि त्यात नुकसान जास्त होतं.

मग शेतकऱ्यांशी बोलायचं ठरवलं. नोंदवहीतल्या ओळी मी निवडल्या आणि दुभाषी संस्थेबाहेरचा घेतला. एका बाईंना विचारलं, “बाजारात बियाणं मिळत असताना तुम्ही बँकेतला हा घेवडा का नेता?” मला वाटलं, चवीबद्दल किंवा आजीच्या आठवणीबद्दल काही ऐकायला मिळेल. त्या म्हणाल्या, “बाजारातला एकदम पिकतो. हा थोडा थोडा पिकतो. काढायला मी एकटीच असते.” एकसारखं पिकणं हा गुण मानूनच सुधारित वाण तयार करतात. या बाईंच्या शेतात तोच दोष ठरत होता, आणि हे कुठल्या अहवालात आलं नव्हतं.

दुसऱ्या एका शेतकऱ्याने बँकेचं बियाणं सोडून दिलं होतं. उत्पन्न कमी येतं, म्हणाला, आणि मला पोरांची फी भरायचीय. संस्थेच्या माणसाने मध्ये तोंड घातलं नाही.

बहुतेकांनी सांगितलं की बरंचसं बियाणं ते बाजारातूनच घेतात. हे जगभरच्या चित्राशी जुळतं. मॅकगायर आणि स्पर्लिंग या संशोधकांनी पाच आफ्रिकी देश आणि हैतीतली माहिती घेऊन २०१६ मध्ये दाखवलं, की लहान शेतकऱ्यांचं सुमारे ९० टक्के बियाणं अनौपचारिक मार्गांनी (घरचं, शेजाऱ्यांचं, गावच्या बाजारातलं) येतं आणि त्यातही स्थानिक बाजाराचा वाटा सगळ्यांत मोठा, एकूण बियाण्याच्या ५१ टक्के. म्हणजे फक्त बँकेवर पैसा लावणारी संस्था निम्म्याहून जास्त बियाण्याकडे पाठ फिरवते. दुष्काळानंतर ट्रक भरून बियाणं वाटणाऱ्यांचं तर अनेकदा निदानच चुकतं. गावात बियाणं असतं, विकत घ्यायला पैसे नसतात. अशा वेळी बाहेरचं बियाणं आणून ओतलं की स्थानिक विक्रेता बुडतो आणि गावचा वाण मागे पडतो. आमच्या संस्थेने मागच्या दुष्काळात कुपनं दिली होती, बियाणं गावच्या बाजारातूनच घ्यायचं. माझ्या दृष्टीने ही त्यांची सगळ्यांत जमेची बाजू.

हक्कांबद्दलही विचारलं. २००४ पासून लागू असलेल्या वनस्पती जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमात शेतकऱ्यांच्या हक्कांचा उल्लेख आहे, पण ते अमलात आणणं देशोदेशीच्या सरकारांवर सोडलंय. गावातून घेतलेला नमुना पुढे कुठे जातो आणि त्याला संमती कुणाची, एवढंच मला हवं होतं. लेखी संमती होती, स्थानिक भाषेत.

शंकेखोर मैत्रिणीचा शेवटचा मुद्दा मला खोडता आला नाही. “मच्छरदाण्या वाटल्या तर किती जीव वाचले याचा अंदाज तरी बांधता येतो. इथे एका रुपयामागे काय मिळालं, सांग.” नाही सांगता येत. एखादा वाण पन्नास वर्षांनी कामी येईल किंवा येणारही नाही. मी तिला मदत थांबल्यानंतरच्या दोन बँकांची गोष्ट सांगितली. एक वर्षभरात बंद पडली. दुसरी बायकांचा गट चालवतोय, कारण ते जास्तीचं बियाणं विकतात. संस्थेने दोन्ही स्वतःहून सांगितल्या होत्या. ती म्हणाली, “हे पुरावा नाही.” मी म्हटलं, “नाहीच. पण बंद पडलेली बँक सांगणारी संस्था मला चालेल.”

मतदान झालं, तिच्यासकट बहुमत झालं. एक वर्षाऐवजी तीन वर्षं द्यायचं ठरलं, कारण एका हंगामात वाण वाढवून होत नाही, आणि पैसे कशावर खर्च करायचे हे आम्ही बांधून दिलं नाही. बदल्यात तीन गोष्टी मागितल्या. दरवर्षी प्रत्येक बँकेचे उगवणीचे आकडे, वाईट असले तरी. मदत थांबलेल्या बँकांची दोन वर्षांनंतरची स्थिती. आणि बियाणं नेणाऱ्यांची नावानिशी यादी, म्हणजे आम्हाला स्वतः फोन करता येतील.

पहिल्या दोन त्यांनी मान्य केल्या. तिसरीला नकार दिला : शेतकऱ्यांची नावं आणि नंबर देणगीदारांना देत नाही, तुम्ही ओळी निवडा, आम्ही त्यांना विचारून जोडून देऊ. आम्ही यावर फार ताणलं नाही.