लिंबाचा पार आणि पाऊण इंचाचं पोट

दारातल्या लिंबाला पार बांधायचा, हे आईचं जुनं टुमणं. माझी अट एकच होती, पार गोल पाहिजे. चौकोनी पार आमच्या लातूरकडच्या औशात कुणीही बांधून देतं. गोल म्हटलं की डोकं खाजवतात. आमचे मिस्त्री तर सरळ म्हणाले, "सर, बांधकाम मी करतो. फरशीची गोलाई तुमची तुम्ही बघा." शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. बघू म्हटलं.

फरशी शहाबादीच. शहाबाद आता कर्नाटकात असलं तरी १९५६ पर्यंत ते अन् आम्ही एकाच हैदराबाद राज्यात होतो. आमच्या भागातल्या जुन्या घरांत पायाखाली तीच थंडगार फरशी. पण हा चुनखडीचा दगड, थरावर थर बसून झालेला. आजीचं जातं काळ्या पाषाणाचं; त्याला टाकी लावली की बारीक टवका उडतो, बस्स. शहाबादीचा कडेला पदर सुटतो, पापडासारखा. हे मला तीन फरश्या वाया घालवल्यावर कळलं.

पहिली अडचण मात्र कापायच्या आधीचीच. गोल काढायला मधोमध खिळा ठोकून सुतळी फिरवायची, हे मीच पोरांना शिकवतो. इथं मधोमध लिंब उभा! बुंध्याला सुतळी गुंडाळून पाहिली, तर बुंधा कुठं गोल असतो? शेवटी गच्चीवर खिळा ठोकून गोल काढला, त्यावरून प्लायचे दोन फर्मे कापले आणि ते झाडाभोवती मांडत गेलो. बाहेरचा गोल दहा फुटी, त्याला सोळा तुकडे. आतला, झाडाभोवती माती मोकळी ठेवायला, चार फुटी, त्याला बारा. मधला फूटभर पट्टा तुकड्या-कपच्यांचा.

आकडे काढल्यावर धीर आला. बाहेरच्या तुकड्याची कड जवळजवळ दोन फूट, पण मधला फुगवटा फक्त सव्वा इंचाच्या आत. म्हणजे कोपऱ्यांकडून चार-पाच सरळ काप मारायचे, उरलेलं घासायचं. मी काय केलं? चार इंची ग्राइंडर रेघेवर ठेवला आणि कापता कापता वळवला. पातं चकतीसारखं सपाट, ते कापात वळत नाही, अडकतं. मशीननं मनगटाला झटका दिला आणि फरशीचा कोपरा गेला. दुसरी आणि तिसरी तशीच. तिसरीच्या वेळी मिस्त्री मागं उभे होते.

"गडबड कशाला करायलाव? गोल कापत नसतंय सर. सरळ कापायचं आन् गोल घासायचं."

आतल्या बारा तुकड्यांनी खरी परीक्षा घेतली. तिथं कड आत वळते, पोट, म्हणजे मधली खोली, पाऊण इंचाच्या जरा वर, पण सरळ काप बसतच नाही. त्यावर उपाय कंगव्याचा. रेघेकडं जाणाऱ्या आडव्या चिरा बोटाबोटावर मारायच्या, मग छिन्नीनं एकेक दात हळूच मोडायचा. यातही एक मेख आहे. पातं गोल असल्यामुळं चीर वर लांब आणि खाली आखूड पडते. वरून रेघेला टेकलं तरी खाली दगड शिल्लकच. म्हणून वरून दोन सूत, म्हणजे पाव इंच, अलीकडंच थांबायचं, फरशी पालथी करून खालून चिरा पुऱ्या करायच्या, आणि शेवटचे दोन सूत घासण्यावर सोडायचे.

घासायला हिऱ्याचे पॅड, ५० नंबरपासून सुरू, मग १००, २००, ४००. पुढं गेलो नाही. उन्हापावसात शहाबादीची चकाकी टिकत नाही. वरची कड हाफ राउंड केली, मांडीला टोचू नये म्हणून. सगळं पाणी सोडत, कारण कोरडं घासलं की भुकटी थेट छातीत जाते. बाटलीच्या बुचाला भोक पाडून धार धरायचं काम पुतण्याकडं. पाणी आणि वीज एकत्र, म्हणून आधी बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, बसवून घेतला. मिस्त्री हसले, हसू देत. घरात वेगळाच वाद. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं बघितलेली आमची मंडळी बादलीभर पाण्याचाही हिशेब मागतात. मग घासण्याचा राडा, म्हणजे दगडाचा गाळ, घमेल्यात निवळू द्यायचा आणि वरचं पाणी पुन्हा वापरायचं.

अठ्ठावीस तुकडे, एकवीस दिवस. बसवल्यावर मिस्त्रींनी पाराला पूर्ण फेरी मारली, पण डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं. कडेच्या खालून.

"वरून झ्याक झालंय. खालची कड कुणी घासायची? बसणाऱ्याची बोटं तिथंच जातेत."

फरशी दीड इंच बाहेर काढलेली, त्यामुळं खाली सगळे कापांचे दात तसेच. उताणं पडून ओलं मशीन तोंडावर धरायची छाती नव्हती. हातात घासायचा दगड घेतला, पाराखाली आडवा झालो आणि सोळाच्या सोळा तुकड्यांखालून गेलो. पाणी बाहीतून काखेत, राडा डोळ्यात, आणि वर पारावर आई शेजारणीला सांगत होती, "संपतच आलंय काम."