एकच उतारा: आधी डोळ्यांना, मग तोंडाला

उतारा पूर्ण वाचला, एकही शब्द अडला नाही, आणि तरी खालच्या पाचपैकी दोन उत्तरं चुकली. इंग्रजी शिकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बहुतेक जण शब्दसंग्रहाच्या मागे लागतात, रोज वीस नवे शब्द पाठ करतात, आणि महिन्याभराने पुन्हा तेवढीच उत्तरं चुकवतात. कारण अडचण मोठ्या शब्दांत नव्हतीच. ती 'फ्यू', 'अनलेस', 'हार्डली', 'इट' असल्या बारक्या शब्दांत होती. हे शब्द ओळखीचे असतात, म्हणूनच डोळ्यांखालून सरकून जातात.

दुसरी तक्रार बोलण्याची: "वाचलेलं कळतं, पण बोलायला गेलं की जीभ अडखळते." या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. मनात प्रत्येक वाक्याचं मराठी करायचं आणि मगच पुढे सरकायचं, ही सवय. म्हणून वाचनाचा सराव वेगळा आणि बोलण्याचा वेगळा, अशी विभागणी करू नये. एकच उतारा घ्यावा, तो आधी नीट वाचावा आणि मग त्याच उताऱ्यावर बोलावं.

उतारा 250 ते 300 शब्दांचा पुरे. तो आपल्या आवाक्यातला आहे की नाही हे मोजून ठरवता येतं: कुठलेही सलग 100 शब्द घ्या आणि अडणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. दोनपर्यंत रेघा आल्या तर उतारा वेग वाढवायला चांगला. तीन ते पाच आल्या तर शब्दकोश हाताशी घेऊन बारकाईने वाचायला योग्य. त्याहून जास्त आल्या तर सरळ बाजूला ठेवा. शब्दसंग्रहावर संशोधन करणारे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही, कुणाच्या मदतीशिवाय मजकूर समजायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात, असंच मांडलं आहे. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. अवघड उताऱ्याशी झुंजण्यात मर्दुमकी वाटते खरी, पण त्यात वाचनाचा नाही, शब्दकोश चाळण्याचा सराव होतो.

पहिलं वाचन घड्याळ लावून, न थांबता. शब्द अडला तरी पुढे जायचं, मागच्या ओळीवर परतायचं नाही. उतारा झाकून, काय वाचलं ते मराठीत दोन वाक्यांत लिहायचं. मराठीची खरी मदत इथे होते: अर्थ कळला की नाही हे तपासायला, वाक्यागणिक भाषांतर करायला नव्हे. शब्दसंख्येला मिनिटांनी भागून वेग टिपून ठेवा. इंग्रजी मातृभाषा असलेले प्रौढ साधा माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी 240 शब्दांच्या आसपास वाचतात. तुमचा आकडा 80 असेल तर लांब वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते आणि तेच वाक्य तीनदा वाचावं लागतं. 130-150 पर्यंत आलं की बराच फरक पडतो. मिनिटाला हजार शब्द शिकवणाऱ्या क्लासच्या जाहिराती मात्र दुर्लक्ष करण्याजोग्या.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन, आणि सगळी मेहनत इथेच आहे. वाक्य अर्थाच्या तुकड्यांत तोडायचं आणि दोन तुकड्यांमध्ये तिरकी रेघ मारायची. 'द मॅन / हू रिपेअर्ड द पंप / दॅट द फार्मर बॉट / लेफ्ट अर्ली.' लवकर कोण निघून गेलं? घाईत वाचणारा 'शेतकरी' म्हणतो, कारण 'लेफ्ट'च्या सर्वांत जवळ तोच उभा आहे. निघून गेला तो माणूस. मराठीत आपण 'शेतकऱ्याने घेतलेला पंप दुरुस्त करणारा माणूस' म्हणतो, म्हणजे विशेषण आधी आणि नाम शेवटी. इंग्रजी नाम आधी सांगून टाकते आणि त्याची माहिती मागून चिकटवत जाते. आपण वाक्य शेवटपर्यंत वाचून पुन्हा मागे फिरतो ते याचमुळे. तुकडे पाडले की इंग्रजीच्याच क्रमाने अर्थ लागतो: माणूस, कोणता, त्याने काय केलं.

मग 'इट', 'दे', 'धिस', 'विच', 'वन' या शब्दांपासून ते ज्याच्याबद्दल आहेत त्याच्यापर्यंत बाण काढा. 'धिस' बऱ्याचदा एका शब्दाकडे न जाता मागच्या अख्ख्या वाक्याकडे जातो, आणि प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जोडशब्दांना गोल करा. 'ऑल्दो', 'हाउएव्हर', 'डिस्पाइट' दिसले की लेखक दिशा बदलतोय. 'अनलेस' म्हणजे 'जर नाही तर', त्यात नकार आधीच भरलेला आहे.

लपलेल्या नकारांची तर वहीत वेगळी यादीच करावी. 'फ्यू पीपल न्यू' म्हणजे जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. 'अ फ्यू पीपल न्यू' म्हणजे काही जणांना माहीत होतं. एका 'अ'ने अर्थ उलटला. मराठीत अशी उपपदं नाहीत, त्यामुळे आपला डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. 'हार्डली एनीवन केम': फारसं कुणी आलं नाही. 'ही फेल्ड टू नोटिस': त्याच्या लक्षात आलं नाही, इथे कोणी नापास झालेलं नाही. 'टू टायर्ड टू वॉक': इतका दमलेला की चालवेना, आणि 'नॉट' कुठेच दिसत नाही. 'ऑल बट टू पास्ड': दोघं सोडून सगळे पास.

अनोळखी शब्द शब्दकोशात बघायचेच, पण एका उताऱ्यात पाचच. आधी तो शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवा, अर्थाचा अंदाज लिहा, मग बघा. वहीत शब्द एकटा लिहू नका, शेजाऱ्यासकट लिहा. 'डिसिजन' नव्हे तर 'मेक अ डिसिजन'. 'रेन' नव्हे तर 'हेवी रेन'. एकटा शब्द बोलताना उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या आधी काय लावायचं हे ऐन वेळी सुचत नाही. नोंद दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा झाकून आठवायची.

प्रश्न सोडवताना एकच शिस्त: प्रत्येक उत्तराचा पुरावा उताऱ्यात अधोरेखित करायचा. पुरावा सापडला नाही तर उत्तर तुमच्या डोक्यातून आलंय. आयईएल्टीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत 'बरोबर, चूक, उल्लेख नाही' हा प्रकार असतो आणि भल्याभल्यांचे गुण तिथे जातात. उताऱ्यात लिहिलंय, 'वाचनालयात येणारे बहुतेक जण विद्यार्थी असतात.' विधान आलं, 'बहुतेक वाचक शिक्षक आहेत'. हे चूक, कारण उतारा त्याच्या विरुद्ध बोलतो. विधान आलं, 'शिक्षकही तिथे येतात'. हा 'उल्लेख नाही'. ते खरं असण्याची शक्यता भरपूर आहे, पण उतारा त्याबद्दल गप्प आहे. शिवाय पर्यायात उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे दिसले की सावध व्हा. खरं उत्तर बहुधा वेगळ्या शब्दांत सांगितलेलं असतं.

आता तोच उतारा तोंडाला. आधी मोठ्याने वाचा, आखलेल्या रेघांवरच थांबत. मग उतारा झाकून त्यातली गोष्ट आपल्या शब्दांत चार मिनिटं सांगा. लगेच तीच पुन्हा तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. भाषाशिक्षणात ही 4-3-2 अशी जुनी युक्ती आहे. मजकूर तोच आणि वेळ कमी, त्यामुळे भाषांतर करायला फुरसत मिळत नाही आणि तयार तुकडे आपोआप बाहेर पडू लागतात. चार मिनिटं फार वाटली तर तीन, दोन, एक करा. लिहून पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की सगळंच कोसळतं.

संभाषणात वेळ किती कमी असतो याचा अंदाज असावा. 2009 साली दहा भाषांच्या तुलनेत असं दिसलं की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातली फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी असते. एक साधा शब्द मनात जुळवून ओठावर आणायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराला लागलेले असतो. त्यात मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, मग व्याकरणाची तपासणी एवढं बसणं शक्यच नाही. म्हणून सुरुवातीचे तुकडे तोंडात बसलेले हवेत: 'वेल, इट डिपेंड्स', 'लेट मी थिंक', 'दॅट्स अ गुड क्वेश्चन'. ते बोलताना मिळणाऱ्या दोन सेकंदांत पुढचं वाक्य जुळतं. गप्प राहून विचार केला तर समोरच्याला वाटतं, प्रश्नच कळला नाही.

प्रश्न खरंच कळला नाही तर 'रिपीट प्लीज' म्हणू नका. समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगाने पुन्हा म्हणेल. कुठे अडलं ते सांगा: 'सॉरी, द मीटिंग इज ऑन व्हॉट डे?' किंवा 'डू यू मीन धिस फ्रायडे?' नेमका हवा तो तुकडा हळू आणि स्पष्ट मिळतो. आकड्यांत ही काळजी जास्त घ्यावी. 'फिफ्टी'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फिफ्टीन'मध्ये सहसा शेवटच्या. शंका आली तर 'वन फाइव्ह?' असं सुटं विचारावं.

मराठी माणसाची गडबड हमखास होते ती हो-नाहीत. 'डिडन्ट यू गो?' याला आपण सवयीने 'येस' म्हणतो, म्हणजे 'हो, नाही गेलो'. इंग्रजीत 'येस' म्हणजे गेलो. प्रश्न कसाही विचारलेला असो, गेला नसाल तर 'नो, आय डिडन्ट'. याउलट 'डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?' याला 'येस' म्हटलं तर ती हरकत ठरते. उघडू द्यायची असेल तर 'नो, नॉट ॲट ऑल'. एकट्या 'येस-नो'वर न थांबता मागे छोटं वाक्य जोडायची सवय लावली की अर्धे गैरसमज टळतात.

सौजन्याचंही तसंच. मराठीत 'द्या', 'बसा' म्हटलं की आदर क्रियापदातच आला. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोघांना 'यू'च असल्यामुळे तो आदर वाक्याच्या बांधणीत आणावा लागतो. 'गिव्ह मी द फॉर्म, प्लीज' हा 'प्लीज' लावूनही हुकूमच वाटतो. 'कुड आय हॅव द फॉर्म, प्लीज?' म्हणावं.

उच्चारात सगळं सुधारायला जाऊ नका. जिथे अर्थ बदलतो तिथे आधी हात घाला. 'आय कॅन कम' यात 'कॅन' जवळजवळ गिळलेला 'कन' असतो आणि जोर 'कम'वर पडतो. 'कान्ट' किंवा 'कॅन्ट' मात्र पूर्ण आणि जोरदार, शेवटचा 'ट' ऐकू आला नाही तरी. आपण 'कॅन' ठासून म्हटलं तर ऐकणाऱ्याला नकार ऐकू येऊ शकतो. 'शिप' आणि 'शीप'मधला ऱ्हस्वदीर्घ भेदही असाच कामाचा.

सोबती असेल तर वीस मिनिटांची बैठक करा. पहिली आठ मिनिटं कुणीही कुणाची चूक काढायची नाही, फक्त कागदावर टिपायची. मग चार मिनिटं चुका बघायच्या. उरलेल्या आठ मिनिटांत त्याच विषयावर अदलाबदल करून पुन्हा बोलायचं. मध्येच दुरुस्त करत राहिलं तर बोलणारा दहाव्या मिनिटाला मुका होतो. चॅटबॉटशी बोलायलाही हरकत नाही, पण चुका शेवटी सांग असं आधीच बजावून ठेवा. त्याची खोट वेगळीच आहे: तो हवा तेवढा थांबतो आणि काहीही म्हटलं तरी समजून घेतो, त्यामुळे फट भरण्याचा सराव त्याच्याबरोबर होत नाही.

एकट्याने करत असाल तर फोनवर एक मिनिट बोलून ध्वनिमुद्रण करा आणि ऐकताना एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त भूतकाळ, पुढच्या आठवड्यात फक्त 'अ' आणि 'द', त्यापुढे 'व्हाय यू आर लेट?' यासारखे शब्दक्रम चुकलेले प्रश्न. सगळं एकदम तपासायला बसलं की स्वतःचा आवाज ऐकवेनासा होतो आणि मुद्रण कायमचं बंद पडतं.

आठवड्याला दोन उतारे, रोज पंचवीस मिनिटं, पाच दिवस. सोमवारी दोन्ही वाचनं, मंगळवारी प्रश्न आणि 4-3-2, बुधवारी आणि गुरुवारी दुसरा उतारा, शुक्रवारी नुसतं बोलणं आणि जुन्या नोंदी. सलग चार उताऱ्यांत पहिल्याच प्रयत्नात पाचपैकी चार उत्तरं पुराव्यासकट बरोबर आली आणि दोन मिनिटांचं सांगणं मोठ्या अडखळीशिवाय पार पडलं, तर पुढच्या पायरीचा मजकूर घ्या. उत्तरं येतात पण सांगणं जमत नाही, असं असेल तर पायरी बदलू नका. आधीच्याच उताऱ्यांवर आणखी एक आठवडा नुसतं बोला.